वेगाचा आकडा बदलण्याआधी स्कोप मोजा

लांब पल्ल्यावर गोळी सतत थोडी खाली लागायला लागली, की नेमबाज सगळ्यात आधी मोबाईल काढतो. गोळी किती खाली येईल याचा हिशेब करणाऱ्या बॅलिस्टिक ॲपमध्ये मझल व्हेलॉसिटी, म्हणजे नळीतून सुटतानाचा गोळीचा वेग, सेकंदाला आठ-दहा मीटरने कमी करतो, पुढची गोळी टार्गेटवर लागते आणि प्रश्न सुटला असं त्याला वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्याआधी स्कोप, म्हणजे रायफलवरची नेम धरायची दुर्बीण, मोजून घ्या. टरेटवर (नेम हलवणारं स्कोपवरचं बटण) १० मिल (कोनाचं एकक, अंतराचा हजारावा भाग) फिरवल्यावर नेम खरोखर १० मिल हलला का, हे माहीत नसताना वेगाला हात लावू नका.

कारण सांगते. समजा १००० मीटरला १० मिल लागतात आणि तुमचा स्कोप २ टक्के कमी हलतो. तुम्ही १० फिरवले, मिळाले ९.८. गोळी २० सेंमी खाली गेली. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या (एनआरए) एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या टार्गेटवर १००० यार्डाला दहा गुणांचं वर्तुळ १० इंच व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून जेमतेम १२.७ सेंमी. तुम्ही दहाच्या बाहेर. मग वेग कमी केला, ॲप १०.२ सांगू लागलं आणि गोळी मध्यावर आली. आता तोच १०.२ चा आकडा घेऊन, टरेट शून्यावर ठेवून, रेटिकलवरच्या (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघांवरच्या) खुणेने नेम धरून पाहा. रेटिकलच्या खुणा काचेवर कोरलेल्या असतात, टरेटच्या स्क्रूची चूक त्यांना लागत नाही. गोळी आता २० सेंमी वर जाईल. वाऱ्याचा हिशेबही ॲप त्या खोट्या वेगावरून करत राहील. उद्या दुसरं काडतूस वापरलं, त्याचा वेग क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) नीट मोजला, तरी तीच गडबड पुन्हा नव्याने समोर येईल, कारण चूक काडतुसात नव्हतीच.

मी बरीच वर्षं थिओडोलाइट आणि लेव्हल या सर्व्हेच्या उपकरणांची दुरुस्ती केली. तिथे प्रत्येक उपकरणाची चूक मोजून, कागदावर लिहून, मगच ते कामावर पाठवतात. स्कोप हेही कोन मोजणारं उपकरणच आहे. किंमत कितीही असो, त्याला ही पायरी चुकत नाही.

टरेट फिरवल्यावर आत काय होतं

टरेटखाली बारीक आट्यांचा स्क्रू असतो. तो स्कोपच्या आतल्या दुसऱ्या, लहान नळीला ढकलतो. ही नळी मागे आयपीसच्या (डोळ्याजवळच्या भिंगाच्या) बाजूला अडकवलेली असते आणि स्क्रूच्या विरुद्ध बाजूने एक स्प्रिंग तिला सतत स्क्रूवर दाबून धरते. वस्तुभिंगाचं (स्कोपच्या पुढच्या भिंगाचं) नाभीय अंतर २०० मिमी धरलं, तर ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे प्रतिमेच्या जागी अवघे ०.०२ मिमी सरकणं. आट्यांचं अंतर किंवा भिंगाचं नाभीय अंतर टक्का-दीड टक्का इकडेतिकडे झालं, तर प्रत्येक क्लिक तेवढ्याच टक्क्याने लहान किंवा मोठा होतो. ही चूक सरळ रेषेत वाढते. ती एकदा मोजली की हिशेबात धरता येते.

दुसरी जात वाईट. स्प्रिंग कमजोर असते, किंवा नळी टोकाला गेल्यावर तिचा दाब बदलतो. मग स्क्रू सरकतो पण नळी मागे रेंगाळते, आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने एकदम जागेवर येते. अशी चूक कुठल्याही गुणकात बसत नाही. आपण जी तपासणी करणार आहोत, तिचं खरं काम या दोन चुका वेगळ्या ओळखणं हे आहे.

आधी एकक पक्कं करा

१ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग: १०० मीटरवर १० सेंमी, १०० यार्डावर ३.६ इंच. खरा एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग: १०० मीटरवर २.९१ सेंमी, १०० यार्डावर १.०४७ इंच. पण काही स्कोपचे टरेट १०० यार्डावर सरळ १ इंच या हिशेबाने बनवलेले असतात. या दोन्हींत जवळजवळ ४.७ टक्क्यांचा फरक आहे. १०० यार्डावर ३० फिरवून नेम ३१.४ इंच हलला तर तुमचा टरेट खऱ्या एमओएचा, ३० इंच हलला तर इंचाचा. दुसऱ्या बाबतीत स्कोपमध्ये दोष नाही, ॲपमध्ये एकक तेवढं बदलायचं. आणि यार्ड-मीटरची भेसळ करू नका. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, तिथे १ मिल ९.१४ सेंमीचा असतो.

फळा आणि अंतर

तपासणी अशी: मोजलेल्या अंतरावर रेघा मारलेला फळा उभा करायचा, स्कोप घट्ट धरायचा आणि टरेट फिरवल्यावर नेम फळ्यावर किती सरकतो ते वाचायचं. फळा किमान १.३ मीटर उंच आणि अर्धा-पाऊण मीटर रुंद हवा. प्लायवूडवर पांढरा रंग देऊन वर काळ्या रेघा मारणं मला सगळ्यात पसंत. कागद दमट हवेत ताणतो. संगणकावरून छापलेली जाळी प्रिंटर गुपचूप लहान करतो, म्हणून छापील कागद वापरलाच तर त्याची लांबी पोलादी पट्टीने मोजूनच घ्या. मध्यावर एक उभी रेघ, तिच्यावर दर १० सेंमीला ठळक आडवी रेघ आणि मध्ये दर सेंटिमीटरला बारीक खूण. आडव्या रेघा ४ मिमी जाडीच्या ठेवा. यापेक्षा बारीक रेघ १०० मीटरवरून रेटिकलच्या रेघेखाली झाकली जाते. माप नेहमी रेघेच्या वरच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत घ्या.

उभी रेघ ओळंब्याने लावा. फळ्याच्या वरच्या कडेला ओळंबा सोडायचा, दोरी स्थिर होऊ द्यायची आणि फळा तिच्याशी जुळवायचा. हे समोरून करा आणि बाजूनेही करा. फळा पुढे-मागे ५ अंशांनी कललेला असेल तर प्रत्येक मापात ०.४ टक्के चूक शिरते, आणि आपण शोधतोय ती चूक कधी कधी एक टक्क्याचीच असते.

अंतराच्या बाबतीत माझा हट्ट आहे: टेपच लावायची. लेझर रेंजफाइंडर शिकारीला आणि सामन्याला ठीक, पण एका मीटरची चूक म्हणजे १०० मीटरवर थेट १ टक्का. रेंजवरच्या '१०० मीटर' लिहिलेल्या पाटीवरही विसंबू नका. पोलादी टेप फळ्याच्या पुढच्या पृष्ठापासून स्कोपच्या वस्तुभिंगाच्या काचेपर्यंत मोजा. बंदुकीच्या दस्त्यापर्यंत नाही, टेबलाच्या कडेपर्यंत नाही. जागेमुळे नेमके १०० मीटर मिळत नसतील तर अडून बसू नका. ९७.४० मीटर भरले, तर १ मिल ९.७४ सेंमीचा धरून आकडेमोड करा. अंतर गोल असण्यापेक्षा ते खरं असणं महत्त्वाचं.

स्कोप धरायचा कसा

ही तपासणी गोळी न झाडता करायची आहे. शक्य असेल तर स्कोप माउंटसकट रायफलवरून काढा आणि फक्त स्कोप बसवा. रायफलवर ठेवूनच पाहायचं असेल, तर बोल्ट काढून बाजूला ठेवा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, आणि काम फक्त रेंजवर, रायफलची नळी बंधाऱ्याच्या (गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या भिंतीच्या) दिशेला ठेवूनच करा. घराच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून रायफल रोखून असली तपासणी कधीही करू नका. फायरिंग पॉइंटच्या पुढे कुणी असताना रायफलला हात लावायचा नाही, फळा लावायला माणूस गेला असेल तेव्हाही.

स्कोप काढण्याआधी एक नोंद घ्या: तुमच्या झिरोपासून (ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळतात ती टरेटची जागा) टरेट खाली किती आणि वर किती फिरतो. आतल्या नळीच्या चालीच्या कुठल्या भागात तुम्ही रोज काम करता हे त्यावरून कळतं, आणि तपासायचा तोच भाग आहे.

धरायला जड लोखंडी ठोकळा घ्या, त्यावर पिकाटिनी रेलचा (स्कोप बसवायच्या खाचांच्या पट्टीचा) तुकडा बोल्टने घट्ट बसवा आणि ठोकळा मजबूत टेबलाला शिकंज्याने आवळा. हाताने टरेट फिरवताना सगळं जागचं तसूभरही हलता कामा नये. वाळूची पिशवी इथे चालत नाही. रिंगांचे (स्कोपची नळी धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कलाच (पिळाच्या जोराला) आवळा. बऱ्याच रिंगांना १.७ ते २ न्यूटन-मीटर सांगितलेला असतो. जास्त आवळलं तर बाहेरची नळी दबते आणि आतली नळी अडखळायला लागते. मग दोष तुमच्या हाताचा आणि नाव स्कोपचं.

त्याच ठोकळ्यावर मी आणखी एक जुना स्कोप बसवते, साक्षीदार म्हणून. त्याचा क्रॉसहेअर (रेटिकलच्या मध्यावरची फुली) फळ्यावरच्या एका खुणेवर लावायचा आणि नंतर त्याला अजिबात हात लावायचा नाही. मोजणी करताना मध्ये मध्ये त्यातून बघायचं. साक्षीदाराची खूण सरकली असेल तर ठोकळा हललाय, आणि तोवरचे सगळे आकडे फेकून द्यायचे. या एका सवयीने माझा जेवढा वेळ वाचला आहे, तेवढा महागड्या अवजारांनी वाचवलेला नाही.

मोजणी

वेळ सकाळची लवकरची किंवा ढगाळ दिवसाची निवडा. जमीन तापली की हवा थरथरते आणि फळ्यावरच्या रेघा पोहायला लागतात.

आधी आयपीस फिरवून रेटिकल स्वच्छ दिसेल असं करा. त्यासाठी कोऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे बघा, सूर्याच्या दिशेला कधीच नाही. मग पॅरॅलॅक्सचं बटण फिरवत फळ्याकडे बघा आणि डोकं किंचित वर-खाली हलवा. डोक्याबरोबर क्रॉसहेअर फळ्यावर सरकत असेल तर पॅरॅलॅक्स अजून जुळलेला नाही. बटणावरच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका, क्रॉसहेअर स्थिर होईल तिथे थांबा. झूम जास्तीत जास्त ठेवा आणि मोजणी संपेपर्यंत ना झूम हलवायचा ना पॅरॅलॅक्स.

रेटिकलची उभी रेघ फळ्याच्या उभ्या रेघेशी तंतोतंत जुळवा. टरेट झिरोवर ठेवा आणि क्रॉसहेअर फळ्याच्या सगळ्यात वरच्या रेघेवर आणा, खालच्या नाही. टरेट 'वर' फिरवला की नेम फळ्यावर खाली सरकतो. रायफलवर असताना तो परत टार्गेटवर आणायला बंदुकीची नळी उचलावी लागते, म्हणूनच गोळी वर जाते.

आता १ मिल फिरवा, बघा, लिहा. पुन्हा १ मिल. टरेटवरचा आकडा पाहायचाच, पण क्लिकही मोजायचे. टरेटवर छापलेले आकडे आणि क्लिक जुळत नाहीत असे नमुने मी हाताळले आहेत. एकेका क्लिकवर डोकं खपवू नका, क्लिक थोडे लहान-मोठे असतातच. आपल्याला बेरीज हवी. १० मिलपर्यंत किंवा तुम्हाला सामन्यात लागतं त्याच्या दोन मिल पुढपर्यंत जा. मग तसंच एकेक मिल परत या आणि तेही आकडे लिहा. येतानाचे आकडे बरेच जण घेत नाहीत, आणि स्प्रिंगचा दोष नेमका तिथेच दिसतो. जाताना ६ मिलला ५९.१ सेंमी आणि येताना ५९.८ असेल, तर आतली नळी सात मिलिमीटर मागे रेंगाळली. झिरोवर परतल्यावर क्रॉसहेअर पहिल्या रेघेवरच यायला हवा.

हे सगळं चालू असताना दुसऱ्या गोष्टीवर डोळा ठेवा: खाली जाताना क्रॉसहेअरचा मध्य उभ्या रेघेवरच राहतो का? रेटिकलची रेघ फळ्याच्या रेघेला समांतर आहे, पण मध्य हळूहळू बाजूला सरकतोय, असं दिसलं तर रेटिकल आणि टरेटची चाल एकमेकांशी तिरपी आहेत. एक अंशाचा तिरपेपणा १० मिलला ०.१७ मिल बाजूला नेतो. १००० मीटरवर ते १७ सेंमी, आणि तुम्ही वाऱ्याला दोष देत बसता. उंचीत यामुळे मोजण्याजोगा फरक पडत नाही. उंची फिरवून नेमबाजी करणाऱ्याने अशा वेळी स्कोप असा बसवावा, की टरेटची चाल ओळंब्यात येईल. रेटिकल डोळ्याला जरा तिरकं दिसलं तरी चालेल.

यानंतर डावं-उजवं ४ मिलपर्यंत त्याच पद्धतीने तपासा. तेही दोनदा: एकदा उंची झिरोवर असताना, एकदा पूर्ण वर फिरवलेली असताना. आतली नळी गोल पोकळीत हलते, त्यामुळे ती उभ्या टोकाला गेली की बाजूला सरकायला जागा कमी उरते. शेवटी टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही वेळा फिरवून झिरोवर आणा आणि झूम कमी-जास्त करून बघा. दोन्ही वेळा मध्य हलता कामा नये.

रेटिकलच्या खुणाही याच फळ्यावर मोजून घ्या. रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये (झूमबरोबर खुणाही लहान-मोठ्या दिसतात) असेल तर खुणा कुठल्याही झूमला बरोबर बसायला हव्यात. दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये (झूम बदलला तरी खुणा तेवढ्याच दिसतात) असेल तर त्या एकाच झूमला खऱ्या असतात, आणि झूमच्या कड्यावर छापलेली ती जागा थोडी पुढे-मागे असू शकते. १० मिलची खूण फळ्यावरच्या १०० सेंमीवर नेमकी बसेल तिथे कड्यावर रंगाचा बारीक ठिपका द्या.

आकडे वाचताना

माझ्या वहीतला एका स्कोपचा नमुना देते. अंतर १०० मीटर. २ मिलला १९.७ सेंमी, ४ ला ३९.४, ६ ला ५९.१, ८ ला ७८.८, १० ला ९८.५. येतानाही तेच, झिरोवर नेमका परत. हा स्कोप १.५ टक्के कमी हलतो, पण शिस्तीत हलतो. त्याचा गुणक ९८.५ भागिले १००, म्हणजे ०.९८५. खरे ८.४ मिल हवे असतील तर ८.४ ला ०.९८५ ने भागायचं: ८.५३, म्हणून ८.५ फिरवायचे. हा स्कोप मी निर्धास्तपणे वापरेन.

हाच आकडा ॲपमध्येही भरता येतो, उंचीसाठी वेगळा आणि बाजूसाठी वेगळा. मात्र काही ॲपना ०.९८५ हवा असतो, काहींना त्याचा उलटा म्हणजे १.०१५. भरल्यावर लांबच्या अंतराचं उत्तर बघा. स्कोप कमी हलत असेल तर उत्तर आधीपेक्षा मोठं यायला हवं. लहान आलं तर आकडा उलटा भरलाय.

याउलट २, ४, ६ ला अचूक आणि ८ च्या पुढे घसरत जाणारा स्कोप असेल, तर बहुधा तुम्ही नळीच्या टोकाला काम करताय. २० एमओएचा उतार असलेला बेस (रायफल आणि रिंगा यांच्या मधली पट्टी) लावला की झिरो जवळपास ५.८ मिल खाली सरकतो आणि तुमचं रोजचं काम नळीच्या मध्याजवळ येतं. बेस बदलून पुन्हा मोजा, कित्येकदा एवढ्याने भागतं.

एक टक्क्याच्या आतली चूक म्हणजे १० मिलमध्ये एक क्लिक. ती मी नोंदवते आणि पुढे जाते. दोन-तीन टक्के सरळ रेषेत असतील तर गुणक लावून वापरता येतो, पण स्कोप नवा आणि हमीत असेल तर परत पाठवा, सोबत मोजणीचा तक्ता जोडा. झिरोवर परत न येणारा, येता-जाता वेगळे आकडे देणारा स्कोप मात्र चूक कितीही लहान असली तरी लांब पल्ल्यासाठी निरुपयोगी. त्याला आकड्यांनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न करू नका.

गोळी झाडून पडताळा

ठोकळ्यावर स्कोपला धक्का बसत नाही, म्हणून शेवटी रायफलवर खात्री करायची. उंच टार्गेटवर खाली एक ठिपका, त्यावरून ओळंब्यातली उभी रेघ. झिरोवर ठिपक्यावर पाच गोळ्या, मग १० मिल वर फिरवून त्याच ठिपक्यावर नेम धरून पाच, मग परत झिरोवर पाच. दुसरा ग्रुप (पाच भोकांचा पुंजका) १०० मीटरवर एक मीटर वर लागणार आहे, तेव्हा बंधारा तेवढा उंच आहे का हे रेंज ऑफिसरला विचारूनच सुरू करा. स्कोपवर छोटी पाणसळ लावलेली असू द्या आणि प्रत्येक गोळीला तिचा बुडबुडा मध्यावर बघा.

ग्रुपच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्या, एकेकट्या भोकावरून नाही. पाच गोळ्यांचा ग्रुप ३ सेंमीचा असेल, तर दोन ग्रुपांच्या मध्यांमधलं अंतर निव्वळ योगायोगाने अर्धा-पाऊण सेंमी कमी-जास्त येऊ शकतं. म्हणून गोळीबाराचे आकडे ९८ आणि ९९ च्या आसपास आले, तर त्यावरून गुणक बदलू नका; गुणक ठोकळ्यावरचाच ठेवा. गोळ्यांकडून आपल्याला दोनच उत्तरं हवीत: मोठी तफावत तर नाही ना, आणि तिसरा ग्रुप पहिल्यावरच बसला का.

हे सगळं जुळल्यावर ॲप उघडा, क्रोनोग्राफने मोजलेला वेग भरा, गुणक भरा, आणि लांब पल्ल्यावर जा. तिथेही गोळी खाली लागली तर आता वेग, बॅलिस्टिक कोइफिशंट (गोळी हवेचा अडथळा किती कापते याचा आकडा) आणि हवेचा दाब यांचा संशय घ्यायला हरकत नाही. गुणक स्कोपच्या सिरियल नंबरसकट लिहून ठेवा. स्कोप आपटला, रिंग बदलल्या किंवा दुरुस्तीहून परत आला, तर तो जुना आकडा रद्द समजून मोजणी नव्याने करा.